चाळलेली साखर

त्या मंगळवारी माझी पत्नी शाळेत शिकवायला गेली. मधल्या सुट्टीत ती खुर्चीवरून खाली पडली. शाळेतल्या बाईंनी मला फोन केला. मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा ती गेली होती. रविवारी तिने साखरेची बरणी भरून ठेवली होती.

बरणीचं थोडं सांगायला हवं. तिच्या शाळेतल्या एक बाई काश्मीरच्या सहलीला जाऊन आल्या. सगळ्यांसाठी त्यांनी अक्रोड आणले आणि हिच्यासाठी लॅव्हेंडरच्या वाळवलेल्या फुलांचं एक पाकीट. हिला घरी काहीबाही भाजत बसायची आवड आहे, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे भट्टी नव्हती. जुन्या कुकरच्या तळाशी मीठ पसरायचं, त्यावर तिवई, तिवईवर तूप लावलेली ताटली आणि झाकणाची रिंग नि शिट्टी काढून ठेवायची. एवढ्यावर तिचे केक, नानकटाई, जिऱ्याची बिस्किटं व्हायची. दर रविवारी दुपारी.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून वाचत बसायचो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात असतो आणि सुट्टीच्या दिवशीही मला दुसरं काही सुचत नाही. "मोठ्यानं वाचा ना, मलाही ऐकू द्या," ती म्हणायची. मग मी मोठ्याने वाचायचो आणि ती परातीत तळहाताने तूप फेसत राहायची. तूप किती वेळ फेसायचं, पीठ किती सैल ठेवायचं, यातलं काही मी पाहिलं नाही. मला आठवतो तो फेसण्याचा आवाज.

घरात आम्ही तिघं. आम्हाला मूल नाही. सासरे गेल्यावर सासूबाई चारठाण्याहून आमच्याकडे परभणीला आल्या, कारण ही त्यांची एकुलती एक. जावयाच्या घरी राहायला त्या सहजी तयार झाल्या नव्हत्या. इतकी वर्षं एका छपराखाली राहूनही आमचं बोलणं बेताचंच. मी त्यांना मामी म्हणतो, त्या मला जावईबापू म्हणतात, आणि मी खोलीत आलो की अजूनही पदर सावरून उठायला बघतात.

पहिल्या खेपेला हिने फुलं सरळ केकच्या पिठात टाकली. मूठभर टाकली असावीत. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि बराच वेळ तो तोंडात तसाच ठेवला.

"अगं, हे खायचं हाय का अंगाला लावायचं?"

"आई, तू आधी खा. उरलं तर लाव."

"लय चांगल्या साबणाचा वास हाय पण. महागाच्या."

मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, ठीक आहे. "ठीक आहे म्हणजे साबणच," ती म्हणाली आणि उरलेला केक पातेल्याखाली झाकून ठेवला. संध्याकाळी शेजारच्या काकूंना त्यातला तुकडा दिला, तर त्यांनी तो हुंगून विचारलं, "टीचर, हे कपाटात ठेवायचं असतं का?" ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

पुढचे काही रविवार ती हेच करत राहिली. शेवटी तिला युक्ती सापडली. फुलं पिठात घालायचीच नाहीत. काचेच्या बरणीत साखरेत मिसळून आठ दिवस घट्ट बंद ठेवायची. मग फुलं चाळून काढायची, साखर दळायची आणि त्या पिठीसाखरेची नानकटाई करायची. ती नानकटाई मी खाल्ली आहे. तोंडात असताना ती इतर कुठल्याही नानकटाईसारखीच लागायची, तुपाची आणि वेलदोड्याची. गिळल्यावर मात्र थोड्या वेळाने काहीतरी यायचं. "वास आधी कळायला नको," ती म्हणायची, "मागून आला पाहिजे." मग ती आमच्याकडे बघत थांबायची. सासूबाईसुद्धा गप्प बसून वाट बघायच्या आणि मान हलवायच्या.

पाकिटातली उरलेली सगळी फुलं तिने त्या शेवटच्या रविवारी बरणीत घातली. "आठ दिवस कुणी उघडायची नाही," असं म्हणून तिने झाकण दाबून बसवलं. पाडव्याला त्याच साखरेचं श्रीखंड करायचं तिच्या मनात होतं.

नंतरच्या दिवसांत घरात माणसं होती. शेजारच्या काकू आमच्या स्वयंपाकघरात सकाळपासून असायच्या. जेवण त्यांच्या घरून यायचं आणि चहा आमच्याकडे व्हायचा, कारण येणारा प्रत्येक जण चहाला नको म्हणायचा आणि मग घ्यायचा. पिंगळीहून माझे चुलते आले होते. ते बशीत ओतलेला चहा पिताना थांबून म्हणाले, "गुलाबपाणी टाकलंय की काय ह्यात?" कुणीतरी त्यांना गप्प केलं. मीही चहा घेत होतो. त्या चहाला काही वास होता का, ते मला आठवत नाही. मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे.

तेरावं झाल्यावर काकू भांडी लावून द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, डब्यातली साखर संपली होती, म्हणून मी त्या काचेच्या बरणीतली घेतली. लय कचरा पडला होता बघा तिच्यात, जिऱ्यावानी. मुंगळे मेले का काय म्हणून सगळी चाळून काढली. आता स्वच्छ हाय."

मी म्हणालो, "बरं केलं."

दुसरं काय म्हणणार? त्यांनी आमच्यासाठी इतके दिवस राबून काढले होते. त्या गेल्यावर मी बरणी उघडली. अर्धी साखर शिल्लक होती, पांढरी, दाणा न् दाणा मोकळा. फुलं नव्हती. मी नाक आत घातलं. वास होता, अगदी पुसट, पण होता. मी लगेच झाकण लावलं.

दुसरं पाकीट मागवता आलं असतं. हल्ली सगळं घरपोच येतं. पण ती साखर मी भरलेली असती. मला तिने भरलेल्या साखरेची नानकटाई एकदा खायची होती. एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी फार दिवस नव्हते, कारण फुलांशिवाय तो वास त्या साखरेत किती टिकणार?

पाडवा आला. आजूबाजूच्या घरांतून डबे आले, श्रीखंड आलं, पुरणपोळ्या आल्या. सासूबाईंनी सगळ्यातलं थोडं थोडं माझ्या ताटात वाढलं. त्यांच्या घरचा रिवाज असा की माणूस गेल्यावर वर्षाच्या आत घरच्या हाताने गोड करायचं नाही. लोकांनी आणून दिलेलं खायचं. मला हे माहीत नव्हतं. वैशाखात एका रविवारी मी त्यांना विचारलं, कुकर ठेवून नानकटाई करून बघू का. काकू तिथेच गहू निवडत बसल्या होत्या.

"वर्ष व्हायचंय अजून," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, कढई चढवायची न्हाई म्हणतात," काकू म्हणाल्या. "हे तर भाजायचं. भाजलेल्याला काय होतंय?"

"गोड ते गोडच."

"मग चहात साखर घालता ते?"

"तू गहू निवड."

काकू हसल्या. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमाला खावी वाटली तर बेकरीतून आणा, जावईबापू. मी न्हाई कशाला म्हणू?"

मी म्हणालो, "मामी, त्या बरणीतल्या साखरेचा वास उडून जाईल."

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "माणूस गेलं."

असले रिवाज मी मानत नाही. पण मुलगी त्यांची गेली होती. ज्या बाईने एवढं एकच धरून ठेवलं होतं, तिच्या समोर मी कुकर कसा ठेवणार होतो? आणि ठेवला असता तरी मला येत काय होतं? मी बरणीच्या झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घातला, ती फडताळात सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवली आणि तिला हात लावायचा नाही असं ठरवलं. परभणीचा उन्हाळा. दुपारी त्या फडताळाचं दारसुद्धा गरम लागायचं. आत काय होत असेल, याचा विचार मी वाचता वाचता करायचो आणि पान तेच राहायचं.

श्रावणात एक दिवस कॉलेज लवकर सुटलं. घरात शिरताना स्वयंपाकघरात सासूबाई जमिनीवर बसलेल्या दिसल्या. त्यांची माझ्याकडे पाठ होती. स्टूल फडताळाशी ओढलेलं होतं. बरणी त्यांच्या मांडीवर, झाकण बाजूला, प्लास्टिकचा कागद गुडघ्यावर नीट पसरलेला. त्यांनी बरणीवर तोंड वाकवलेलं होतं आणि बाहेर वास जाऊ नये म्हणून डोक्यावरचा पदर सगळा बरणीभोवती ओढून घेतला होता. त्या रडत नव्हत्या. फक्त श्वास घेत होत्या, सावकाश.

मी तसाच मागे फिरलो, अंगणात चपला वाजवल्या, खाकरलो आणि थोडा वेळ थांबून आत गेलो. तोवर त्यांनी स्टूल जागेवर ठेवलं होतं.

"आज लवकर?" त्यांनी विचारलं.

"कार्यक्रम होता कॉलेजात."

"च्या टाकते."

त्यानंतर माझं लक्ष राहू लागलं. कागद रोज वेगळ्या घडीने बसलेला असायचा. म्हणजे त्या रोज उघडत होत्या. असेल नसेल तो वास असा थोडा थोडा जात होता आणि ते मला दिसत होतं. काय बोलणार? की हुंगू नका, मला खायची आहे? दिवाळीत त्यांनी फराळाचं काही केलं नाही. शेजारचे डबे आले, आम्ही खाल्लं. बरणी मी उघडली नाही. त्यांना हवी असेल तेव्हा ती त्यांच्या हाताला लागावी म्हणून, फडताळ पुसायचं निमित्त करून मी सगळी भांडी हलवली आणि तिला खालच्या कप्प्यात आणून ठेवलं. त्यांनी ते पाहिलं असणार.

फाल्गुनात वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बरणी ओट्यावर आणून ठेवली.

"आज करा तुमची नानकटाई."

आम्ही दोघांनी केली. साखर जरा ओलसर होऊन तिचे खडे झाले होते, ते मी वाटीने फोडले. तूप मी फेसलं. तो आवाज आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "असं न्हाई, तिचा हात गोल फिरायचा." मी गोल फिरवला. पीठ सैल झालं की घट्ट, ते आम्हा दोघांनाही कळेना. कुकरमध्ये मीठ पसरलं, रिंग काढली, शिट्टी काढली. ताटली बाहेर काढली तेव्हा नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यांची एक भाकरी झाली होती.

"भाकरीच की," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ती हाताने मोडली, एक तुकडा देवापुढे ठेवला, एक फोटोपुढे, एक मला दिला आणि एक स्वतः तोंडात टाकला.

मी खाल्ला. तूप लागलं, वेलदोडा लागला, खालची बाजू जरा करपलेली लागली. मी गिळला आणि थांबलो. सासूबाईही थांबल्या होत्या. मी पुन्हा एक तुकडा घेतला आणि पुन्हा थांबलो.

"यायलाय की वास," त्या म्हणाल्या. "मागून यायलाय."

मला आला नाही. त्यांना खरंच येत होता की त्या माझ्यासाठी म्हणत होत्या, हे मला समजलं नाही आणि विचारताही आलं नाही. मी मान हलवली.

"येतोय," मी म्हणालो.

त्यांनी राहिलेली भाकरी डब्यात भरली आणि काकूंकडे देऊन आल्या. मी परात धुतली.

बरणीत अजून बोटभर साखर आहे. ती फडताळात खालच्या कप्प्यात असते. घरात मी आहे आणि सासूबाई आहेत.