दोन पिवळे आणि धाकूकाका

धाकू गोताडांनी खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या आपल्या नव्या ब्लॉकच्या भिंतीवर घरमालकीण नम्रतावहिनींनी दोन पिवळ्या रंगांचे चौकोन शेजारी शेजारी लावून ठेवले होते. एक जरा लालसर आणि दुसरा किंचित हिरवट, असं त्यांचं म्हणणं. धाकूंना मात्र सगळा एकच पिवळा दिसत होता.

रत्नागिरीत कुणाचं रंगावर अडलं, की "धाकूकाकांना बोलवा" म्हणायची पद्धत पस्तीस वर्षांची. पूर्वी पांढऱ्यात थेंब थेंब रंग टाकून ते नुसत्या नजरेने छटा जुळवत. आता दुकानातलं यंत्र जुळवतं, पण निवडायला माणूस लागतोच, आणि तो मान धाकूंनी कधी सोडला नव्हता. गेल्या महिन्यात नेत्रशिबिरातल्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. तपासणीचा तो कागद त्यांनी बायकोलाही दाखवला नाही. रंगाऱ्याला रंग दिसत नाही ही बातमी बाजारात फुटली, तर उद्यापासून हाक कोण मारणार?

त्यांनी ट्यूबलाईट लावली. बंद केली. चष्मा पुसला, त्या बिचाऱ्या चष्म्याचा काय दोष? "उजेड बरोबर नाय," म्हणत जिन्यापर्यंत जाऊन आले, दारातून एक डोळा मिटून पाहिलं. चहा गार झाला. शेवटी त्यांना राहवेना.

"वैनी, खरं सांगू? माला दोन्ही येकच दिसतात."

नम्रतावहिनी हसल्या. "आमचे हेही तेच म्हणतात, काका. मलाही धड ठरवता येईना, म्हणून तर तुमच्यासाठी खोळंबलो."

सुटलो, असं धाकूंना वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. तरी बोट उचललंच. "डावा घ्या. खोली उजळंल."

"बरं झालं. मग डाव्याच्या डबीवरचा नंबर तेवढा वाचा, हे येताना बादली आणतील."

खाली नमुन्याच्या दोन उघड्या डब्या होत्या. धाकूंनी एक उचलून भिंतीपाशी धरली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. दोनातला कुठलाही नंबर सांगून मोकळं होता आलं असतं. पण पस्तीस वर्षांत त्यांनी रंगात कुणाला फसवलं नव्हतं.

दोन्ही डब्या त्यांनी वहिनींपुढे ठेवल्या.

"डाव्याची कुठली ती तुमी सांगा," ते म्हणाले. "मगाशी मी मस्करी नव्हतो करीत."

वहिनी पुन्हा हसणार होत्या. पण धाकूंचा चेहरा पाहून त्यांनी डाव्याची डबी उचलली आणि नंबर स्वतःच वाचला.