वर म्हणजे कुठं

तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही मराठी ऑनर्सच्या. नकाशावाचनाच्या पूरक कोर्सचा तुमच्या मुख्य विषयाला काय उपयोग झाला?" मी म्हटलं, "दृष्टिकोन व्यापक झाला, मॅडम." त्यांनी मान डोलावली, मार्कही बरे पडले. वर्गातल्या सगळ्यांनी हेच उत्तर पाठ केलं होतं. खरं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, पण बोलायला लागले असते तर तिथेच भोकाड पसरलं असतं, म्हणून गिळलं. आई जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

तो विषय मला नकोच होता, हे आधी सांगते. नव्या पद्धतीच्या डिग्रीत मुख्य विषयाच्या जोडीला दुसऱ्या शाखेतले जास्तीचे विषय घ्यावेच लागतात, नाहीतर क्रेडिट पुरे होत नाहीत. मला बेकरीचा कोर्स हवा होता. निदान घरात नानकटाई तरी झाली असती. पण त्या दिवशी आमची एसटी रखडली आणि मी भोरला कॉलेजात पोचेपर्यंत बेकरीच्या जागा भरून गेल्या. उरला होता नकाशा. अस्सा संताप आला! मामाला तर आयतं कोलीत मिळालं. आमचे वडील गेल्यापासून मामाच आमचं बघायचा आणि त्याला माझं मराठी शिकणं आधीच पटत नव्हतं. "मराठी काय शिकायची? दिवसभर बोलतीस की. आन् आता नकाशे? रस्ता चुकलीस काय गं?"

नकाशाचे सर पहिल्याच तासाला फळ्यावर बाण काढून म्हणाले, "नकाशात वर म्हणजे उत्तर. झोपेतून उठवून विचारलं तरी हेच सांगायचं." मराठीच्या मॅडम बोलीभाषांचा पेपर शिकवताना नेमकं उलटं सांगायच्या, "शब्दाचा अर्थ आधी बोलणाऱ्याला विचारायचा, मग शब्दकोशाला." एकाच मजल्यावरच्या दोन वर्गांतली ही दोन वाक्यं. मी एक तास संपला की दुसऱ्या वर्गात जायचे आणि पहिल्या वर्गातलं पहिल्या वर्गातच ठेवून यायचे.

आता आईचं सांगते. आम्ही मूळचे वेल्ह्याकडचे, राजगडाच्या पायथ्याच्या पट्ट्यातले. धरण झालं, गाव उठलं, तेव्हा मी रांगत होते. आई-वडील मला घेऊन भोरजवळ मामाच्या गावाला आले ते कायमचेच. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. बारसंसुद्धा झालं नव्हतं, त्याच्या आतच तो गेला. तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्याला तिथेच, गावात पुरलेलं. मग गावावर पाणी आलं.

तान्ह्या लेकराचं पुढे काही करायचं नसतं. दहावं नाही, तेरावं नाही, वर्षश्राद्ध नाही. रडायलासुद्धा बाईला दिवस ठरवून दिलेला नाही. त्यामुळे आईनं आपल्या आपणच रीत पाडली होती. ज्या पोरीला भाऊ नाही तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं असतं. शेजारणीनं मला एकदा तसं शिकवलं, तर आई तिच्यावर धावून गेली होती, "चंद्राला कशापायी? हाय तिला भाऊ!" मग मला अंगणात उभी करायची, डोंगराकडं माझं तोंड फिरवायची आणि म्हणायची, "तिकडं वावाळ." लहानपणी मला वाटायचं, भाऊ पुण्याला कामाला असेल.

पावसाळ्यात मात्र आईजवळ जायची सोय नसायची. धरण भरलं, पाणी सोडलं, म्हणून सगळ्यांच्या मोबाईलवर फोटो यायचे, लोक खूश व्हायचे, आणि आमच्या घरात चूल पेटली तर पेटली. आई मोरीजवळ पाय पोटाशी घेऊन बसायची. एकदा मी वैतागून विचारलं, "मम्मी, झालंय काय तुला?" तर म्हणाली, "किती गारठत आसंल गं त्ये. वरनं येवढं पानी."

मी दुसऱ्या वर्षाला असताना आईच्या हृदयाचं दुखणं निघालं. चालली की धाप, बोलली की धाप. डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून बजावलं. औषधं चालू झाली, पण आईला काय ते उमगलं असावं. ती एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "उन्हाळ्यात पानी हाटतं म्हणं. गावाची जोती उघडी पडत्यात. मला येकदा त्याच्यापाशी न्हेशील का? माझ्यानं हुडकाय व्हायचं न्हाई. तू त्ये नकाशाचं शिकतीस न्हवं?"

एवढ्या दिवसांत घरातल्या कुणी माझ्या शिक्षणाचं नाव काढून काही मागितलं नव्हतं. मी पेटलेच. ज्या विषयाला शिव्या घालत होते त्याच्या सरांच्या मागे लागले. सरांनी धरणाच्या आधीचा गावनकाशा मिळवून दिला आणि तो आजच्या उपग्रहाच्या चित्रावर तंतोतंत कसा बसवायचा ते शिकवलं. देवळाचा चौथरा देवळावर बसला, पाणवठा पाणवठ्यावर, आणि आमचं घरही सापडलं. मोबाईलच्या पडद्यावर निळ्या पाण्याखाली आमच्या गावाच्या रेघा दिसायला लागल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मराठीच्या चार कविता पाठ करून हे झालं नसतं, हे मी मामाला तोंडावर ऐकवलं.

पण लेकराची जागा काही नकाशात नव्हती. ती आईलाच विचारायला हवी होती.

"घराच्या वर," आई म्हणाली. "सरळ वर. गावकीच्या पडीत उंबर हाय, त्याच्या बुडाशी."

"किती लांब?"

"हाकंच्या टप्प्यात. लोकं म्हणली, लांब न्या, बाईला इसर पडंल. म्या म्हणलं, न्हाई. हाक मारली तर आयकू याय पायजे." आणि थांबून म्हणाली, "रडलं बिडलं तर."

मी डोळे पुसले आणि नकाशावर आमच्या घरापासून वर बोट नेलं. हाकेच्या अंतराचा अंदाज घेतला आणि खूण केली.

मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर, मामानं टेम्पो काढला. आई पुढे बसली, मांडीवर पिशवी. पिशवीत नारळ, हळदकुंकू, निरांजन आणि तिनं जुन्या सुती साडीचं शिवलेलं एक झबलं. मार्गासनी गाव मागं पडलं तशी ती खिडकीतून गडाकडेच बघत राहिली. धरणाच्या भिंतीवरून जाताना तिनं पाण्याला हात जोडले. वेल्ह्याकडं लग्नाकार्याला जाताना दर वेळी जोडायची.

टेम्पो जिथवर गेला तिथवर गेला. पुढे भेगाळलेला गाळ. मी मोबाईल हातात धरून पुढे, मागे मामाच्या खांद्यावर हात ठेवून आई, दर थोड्या अंतरावर थांबत. खुणेवर पोचलो तेव्हा माझा ऊर असा भरून आला होता! "मम्मी, हे बघ. हीच जागा."

आई उभी राहिली. दम खाल्ला. पायानं माती उकरून बघितली. मग चारी बाजूंना वळून बघितलं.

"ही तर मळी," ती म्हणाली. "हितं भात व्हायचं. भाताच्या खाचरात लेकरू कोन पुरंल?"

"अगं, तूच सांगितलंस ना घराच्या वर? हे घर, हे त्याच्या वर!" मी मोबाईल तिच्या नाकासमोर धरला. ऊन मी म्हणत होतं आणि माझा तोल सुटायला लागला होता.

तिनं मोबाईलकडे बघितलंसुद्धा नाही. "म्या वर सांगितलं बया, आन् तू खाली आनलीस."

"वरच आहे हे!"

"वर म्हंजी वर गं," तिनं हात उचलून गडाकडं केला. "तिकडं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्याच क्षणी जीव थोडा थोडा झाला. आमच्या पट्ट्यात गडाच्या बाजूला 'वर' म्हणतात आणि नदीच्या बाजूला 'खाली'. माझी आई आयुष्यभर तशीच बोलत होती. गड आमच्या गावाच्या दक्षिणेला. म्हणजे नकाशात खालच्या अंगाला. मी झोपेतून उठवल्यावर सांगायचं उत्तर दिलं होतं आणि बोलणाऱ्या बाईला अर्थ विचारायचा राहिला होता. कोर्स दोन्ही केले होते, हुशारीनं केले होते. फक्त त्यांची गाठ घालून दिली नव्हती. ती त्या खाचरात आईनं घातली.

मामा कपाळाला हात लावून म्हणाला, "काखेत कळसा आन् गावाला वळसा!" पण तो हसला नाही. आम्ही उलटे फिरलो. आमच्या घराचं जोतं आईनं दुरून ओळखलं, उंबऱ्याजवळच्या उखळाच्या दगडावरून. ती उखळाशी टेकली, त्यातला गाळ बोटानं काढला आणि मग मान वर करून गडाकडं बघितलं.

धरण पूर्ण भरतं तेव्हा पाणी कुठवर चढतं त्याची फिकट रेघ उतारावर स्पष्ट दिसत होती. रेघेच्या खाली गवताची काडी नव्हती. रेघेच्या वर, अगदी हाकेच्या टप्प्यात, उंबर उभा होता. हिरवागार.

मामानं तोंड फिरवलं. मग आईचा आवाज आला, इतका बारीक की आधी मला वाटलं तिला धाप लागलीय.

"कोरडं हाय गं. माझं पोर कोरडं हाय."

तिला कुणी फसवलं नव्हतं. गाव सोडताना वडिलांनी सांगितलं होतं, "समदं गेलं पान्यात." घर गेलं, शेत गेलं, देऊळ गेलं, त्यात उंबरही गेला असं ती धरून चालली. परत कुणी तिकडं गेलं नाही. भिंतीवरून बघितलं तर नुसतं पाणीच दिसायचं. ते पाणी तिनं इतकी वर्षं आपल्या लेकराच्या अंगावर धरलं. आणि हा उंबर पावसाळ्यातसुद्धा काठावर उभा होता, येऊन बसता आलं असतं, ती कधीही येऊ शकली असती, धडधाकट होती तेव्हा. मला त्या उखळावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. आई मात्र हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

चढ तसा फार नव्हता. पण तो तिच्यासाठी नव्हता. ती उठली, दोन पावलं टाकली आणि छातीवर हात ठेवून खाली बसली. मामा म्हणाला, "अक्का, मी उचलून न्हेतो." तिनं मान हलवली. "नगं. तू घसरलास तर मंग दोगंबी जाऊ." तिनं पिशवी माझ्या हातात दिली. "तू जा. भन हायेस त्याची."

मी चढले. उंबराच्या बुडाशी जमीन झाडून घेतली, हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, झबलं घडी करून मुळाच्या बेचक्यात ठेवलं. निरांजन लावलं आणि ओवाळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी दिशेला नाही, जागेला ओवाळलं. खाली बघितलं तर आई जोत्यावर बसून पदर सावरून घेत होती, कुणी पाहुणा आल्यासारखा.

ती पुढचा पावसाळा पुरा बघू शकली नाही. पण धरण भरल्याचे फोटो आले त्या दिवशी तिनं मला पिठलं करायला सांगितलं आणि पोटभर जेवली. म्हणाली, "पडू दे. चांगला पडतोय."

कोर्सचं विचाराल तर एवढंच, की नकाशानं मला घर दाखवलं आणि मराठीनं उंबर, आणि दोन्ही मला आईच्या हयातीत मिळाले. वर्षभर आधी मिळाले असते तर ती चढली असती. हे मी मॅडमना काय सांगणार?

त्या दिवशी मी उंबराखालून उठले तेव्हा खालून आईनं हात हलवला. "हाक मार गं!" तिला ओरडताना धाप लागत होती. "हितवर येती का बगू!"

मी दोन्ही हात तोंडाशी धरले. "मम्मीऽऽ!"

तिनं जोरजोरात हात हलवला. "मम्मी नगं! आये म्हन!"

आमच्या पिढीत आये कुणी म्हणत नाही. मी जन्मात म्हटलं नव्हतं. पण माझा भाऊ त्या गावात बोलायला लागला असता, तर त्यानं तेच म्हटलं असतं.

"आयेऽऽ!"

हाक उतारावरून खाली गेली, फिकट रेघ ओलांडून, जोत्यापर्यंत. माझी आई उठून उभी राहिली आणि तिनं ओ दिली. इतक्या मोठ्यानं तिनं मला कधी ओ दिली नव्हती.