चौथा कागद

कारखान्यात त्याला सगळे रेघोबा म्हणत. ट्रान्सफॉर्मरचा कारखाना तो, आणि रेघोबाचं काम विजेच्या प्रवाहाचा आकार कागदावर शोधायचं. मध्ये लोखंड किती चुंबकत्व पेलतं याची वक्ररेषा, डावीकडे चुंबकत्वाची लाट. मग पट्टी लावून एकेक बिंदू सरकवायचा. वीस वर्षं मान मोडून बसला होता. स्वभावही तसाच वाकडा झालेला.

मोठा ट्रान्सफॉर्मर चाचणीनंतर पुन्हा चालू करायच्या वेळी बाकीच्यांनी सवयीनं लाट शून्यापासून काढली. पण बंद केल्यावरही लोखंडात चुंबकत्व उरतं. रेघोबानं ती शिल्लक धरून लाट वर सरकवली, तर प्रवाहाचं टोक कागदाबाहेर गेलं. त्यानं वर दुसरा कागद चिकटवला, मग तिसरा, चौथा. खटका नको त्या क्षणी ओढला गेला, तर त्या दणक्यानं सगळं फुटणार होतं. आणि खटका ओढणारा त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता.

"चार कागद? पतंग कर त्याचा," साहेब म्हणाले.

"दादा, सगळ्यांपुढं शोभा नको. जा तू," म्हणत भावानं खटक्याला हात घातला.

रेघोबानं बाजूचा जड पाना उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. फिटर धावून आले, त्यांनी रेघोबाला लाथांनी तुडवला, दोन दात पाडले. तो रक्त थुंकत पडलेला असतानाच कुणीतरी खटका ओढला. ट्रान्सफॉर्मर घुमू लागला. काही म्हणता काही झालं नाही.

क्षण बरा लागला होता, एवढंच. पण ऐकतो कोण? त्याच दिवशी नोकरी गेली. खटका पुन्हा पुन्हा ओढला जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो घरात तोंड लपवून बसला. मरा म्हणाला तिकडे.

नवव्या दिवशी दुपारी भाऊ आला. हात प्लास्टरमध्ये, अंगाला जळक्या तेलाचा वास. रेघोबाच्या बायकोनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यानं भिंतीवर भिरकावला.

"फुटला," तो म्हणाला. "माझ्या जागी नवा माणूस होता. त्याच्या आईला आत्ताच सांगून आलो."

रेघोबा उठू लागला. भावानं धड हातानं त्याच्या तोंडावर ठोसा हाणला, मग आणखी एक. रेघोबानं हात वर केला नाही.

"माझा मोडलास ना," भाऊ रडत ओरडला, "मग त्याचा का नाही मोडलास?"