जावयाची गळपट्टी

त्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि मावशीच्या कपाळाला आठी पडली.

हिवाळा सरता सरता तलावाकाठी असे दोन-चार दिवस येतात. आभाळ धुऊन काढल्यासारखं, वारा पडलेला, माणसं बाह्या दुमडून हिंडायला लागलेली. तलाव मात्र होता तसाच. डोंगरावरचं बर्फ वितळून सगळं त्यातच उतरतं. वरून नुसता चमचमतो, आणि बोट घातलं तर हाडापर्यंत कळ जाते. कयाकवर, त्या एकट्याच्या निमुळत्या होडीवर, बसून मासे मारणारी मंडळी नेमकी अशाच दिवशी फसायची. ऊन बघून कपडे घालायची. मावशी त्यांच्यावर खेकसायची, "उन्हात बुडणार आहेस का रे? पाण्यात बुडणार ना? मग पाण्याचे कपडे घाल!"

मावशी म्हणजे धक्क्यामागच्या गल्लीत ड्रायसूट दुरुस्त करणारी बाई. नळीसारखा अंगभर सूट, पायाला मोजे जोडलेले, मनगटाला आणि मानेला रबराची घट्ट पट्टी. पाणी आत शिरता कामा नये, एवढंच त्याचं काम. ऊब द्यायची ती आतल्या लोकरीच्या कपड्यांनी. तरुणपणी ती तंबूच्या कारखान्यात शिलाईवर होती. कारखाना बसला, पाठोपाठ नवराही गेला, तेव्हा एका गिऱ्हाईकाचा फाटका सूट उसवून उसवून ती हे काम शिकली. पहिली दोन वर्षं हाताला रबर चिकटवायच्या सोल्युशनचा असा वास यायचा, की लेक तिच्या हातचा घास घ्यायची नाही. "आई, तू चमच्यानं भरव," म्हणायची. मावशी हसायची आणि चमचा घ्यायची.

दुकानामागे सिमेंटचा हौद होता, तलावाच्या पाण्यानं भरलेला. सूट नवा असो की दुरुस्तीचा, आत जे कपडे घालणार ते घालून गिऱ्हाइकानं त्या हौदात गळ्यापर्यंत बसायचं, मगच सूट घरी न्यायचा. त्यात कुणाची गय नाही. गावातला दातांचा डॉक्टर एकदा सुती बनियन घालून आला आणि मनगटातून पाणी शिरल्यावर असा किंचाळला, की शेजारचा न्हावी वस्तरा घेऊन धावत आला. "मावशीकडं सूट टाकायचा म्हणजे आंघोळ फुकट," लोक म्हणायचे. पण हौदात उतरलेला एकही माणूस तलावात राहिला नव्हता, हेही तेच लोक म्हणायचे.

डॉक्टरलाही अरे-तुरे करणारी ही बाई एका माणसापुढं मात्र मेणासारखी मऊ व्हायची. तो तिचा जावई.

चष्म्याच्या दुकानात कामाला, बोलायला गोड, पहिल्या दिवसापासून "आई" म्हणणारा. मावशीनं काहीही वाढलं तरी ताट पुसून जेवणारा. कयाकचं वेड त्याला नुकतंच लागलं होतं. त्याच्यासाठी मावशीनं स्वतः सूट बांधला. हौदाचा विषय निघाला तेव्हा लेक म्हणाली, "काय गं, यांना पण बसवणार का?"

"छे! जावईबापूंना कसं सांगायचं? बरं दिसतं का?" मावशी म्हणाली.

ऊन पडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी जावई सूट घालून दुकानात आला. चेहरा लालबुंद.

"आई, गळा आवळतोय हो. गिळता येईना."

नवी गळपट्टी आवळतेच. तिच्यात पातेलं घालून रात्रभर ताणून ठेवायची, सवय होईस्तोवर दम काढायचा, हे मावशी दर गिऱ्हाइकाला ऐकवायची. वर म्हणायची, "दोन दिवस गळा आवळू दे, आयुष्य मोकळं मिळेल." जावयाला ती म्हणाली, "रात्रभर ताणून ठेवते ना. परवा जा."

"उद्या ऊन आहे. मित्र निघालेत. मी एकटाच मागं राहू?" तो हसला. "तुमच्या हातात कात्री आहे आई, एक गोल कापलं की झालं."

पट्टीवर गोल रेघा असतात. एक कापायची, घालून बघायचं. मावशीनं एक कापली.

"अजून थोडं."

तिनं दुसरी कापली. रबराचं कडं टेबलावर पडलं.

"आता छान! फक्त मान वळवताना लागतंय. अजून एकच, आई."

तिसऱ्या वेळी कात्री थांबली होती. पण त्यानं "आई" म्हटलं, आणि ती पुढं सरकली. कापलेलं रबर परत जोडता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी ती म्हणाली, "आता बरं वाटतंय ना, मग झालं."

रात्री तिला झोप लागली नाही असं नाही. लागली. सकाळी ऊन बघितलं, तेव्हा तिनं टेबलावरची रबराची तीन कडी मोजली.

लेक डबा घेऊन दुकानात आली ती हसतच. "तुझा जावई शिट्टी वाजवत गेला बघ. लोकरीचं सगळं खुंटीला. म्हणे उकडून मरेन. सुती शर्ट आणि जीन्स, वर तुझा सूट."

मावशीच्या हातातला ब्रश सोल्युशनच्या डब्यात तसाच राहिला. "लाईफ जॅकेट?"

"ते घातलंय. का गं? तोंड का असं?"

मावशी उठली. चपला उलट्यासुलट्या अडकवून ती धक्क्यावर धावली. लेक मागून हाका मारत होती.

होडीवाला इंजिनाशी बसून विडी ओढत होता. तो तिला ओळखून होता. "मावशे, इतकं गोड ऊन पडलंय आणि तुझं तोंड गं कसलं कडू?"

"इंजिन चालू कर. जावयाकडं जायचंय."

"जेवायला बोलवायचं राहिलं काय?"

"मुकाट्यानं चल."

त्यानं विडी पाण्यात टाकली.

तलाव आरशासारखा पडला होता. एवढं शांत पाणी मावशीला कधीच सोसलं नाही. मित्रांच्या कयाक लांब वळणाशी, मुंगीएवढ्या. जावई एकटाच कड्याच्या सावलीत, जिथं पाणी काळं दिसतं तिथं. कोरडा ठणठणीत. मावशीच्या जिवात जीव आला आणि तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले. "जावईबापू! अहो, परत चला!"

त्याच क्षणी त्याच्या गळाला मासा लागला होता. काठी वाकलेली, दोन्ही हात गुंतलेले. हाक ऐकून त्यानं मान वळवली, मानेबरोबर खांदा वळला, माशानं दुसऱ्या बाजूला हिसका दिला, आणि कयाक पालथी झाली.

फार आवाजही झाला नाही.

जॅकेटनं त्याला वर आणलं. तोंड उघडं होतं, श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. होडी जवळ जाईपर्यंत मावशीला सूट फुगताना दिसत होता. गळ्याशी पाणी गुडगुडत उतरत होतं, तिनं मोकळ्या करून दिलेल्या वाटेनं.

होडीवाल्यानं त्याला बगलेत धरून ओढलं. छातीपर्यंत आला, पुढं येईना. "धोंडा बांधलाय का याला?"

"पाय भरलेत पाण्यानं! सुरी दे तुझी!"

होडी कलली तशी मावशी काठावर आडवी झाली, एक हात कोपरापर्यंत पाण्यात घालून तिनं त्याचा पाय वर ओढला आणि मासे चिरायच्या सुरीनं मोजा फाडला. मग दुसरा. खेचताना त्यातून पाणी भदाभदा गळत राहिलं आणि जावई पोत्यासारखा होडीत पडला.

तो थरथरत होता. दात असे वाजत होते की इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होते. मावशीनं सूट टराटरा फाडला, ओला शर्ट, जीन्स, सगळं ओरबाडून काढलं, स्वतःचा स्वेटर त्याच्या अंगात घातला, होडीवाल्याचा कोट वरून लपेटला आणि त्याला छातीशी धरून बसली.

मग थरथर थांबली.

"हां, निवला बघ," होडीवाला म्हणाला. "आता बरं वाटतंय त्याला."

मावशीनं त्याला आणखी आवळलं. ही थरथर थांबण्याचा अर्थ तिनं इतक्या जणांना हौदाच्या काठावर उभं राहून सांगितला होता: कुडकुडणं थांबलं की अंग हरलं, आणि मग झोपला तो गेला. "पळव होडी! जोरात घे!" ती ओरडली. जावयाचे डोळे मिटत होते. ओठ शाईसारखे.

"झोप येतेय, आई," तो पुटपुटला. तेच गोड बोलणं. "थोडं पडतो."

"पडतोस? मुस्काट फोडीन!" मावशी त्याच्या तोंडाशी ओरडली. "उघड डोळे! उघड म्हणते ना, मेल्या! माझ्या लेकीचं नाव सांग. सांग!"

होडीवाल्यानं चमकून मागं पाहिलं. त्या बाईच्या तोंडून जावयाला असा शब्द त्यानं कधी ऐकला नव्हता.

जावयानं डोळे उघडले. नाव आठवायला त्याला वेळ लागला. अर्धंच आलं.

"पुरं सांग!"

धक्का दिसायला लागला. लेक तिथं उभी होती, उन्हात, डोळ्यांवर हात धरून. मावशीनं तिकडं बघितलं नाही. तिनं गाल त्याच्या थंडगार गालाला घट्ट लावून ठेवला होता आणि त्याच्या जबड्यात पुन्हा दात वाजतात का, तेवढंच ती ऐकत होती. एकदा वाजले. मग बराच वेळ नाहीत. मग पुन्हा, हळू.

"वाजव," ती म्हणाली. "वाजव रे बाबा."