स्पीकरवरचा टॉवेल

स्वतःला जाणकार समजणारी माणसं नेमानं एकत्र बसायला लागली की किस्से साठायला वेळ लागत नाही. आमच्या श्रवण मंडळाचे तर इतके साठलेत, की आता नवं रेकॉर्डिंग ऐकायला बसलो तरी मध्येच कुणाला तरी जुना किस्सा आठवतो आणि तो मान खाली घालतो. हो, मान खालीच. कारण आमच्या एकाही किश्शात आमची शान वाढलेली नाही. बाकीचे किस्से सांगताना थोडं हसू तरी येतं. शेवटचा मात्र मी अजून घरीसुद्धा सांगितलेला नाही.

आधी मंडळाची ओळख करून देतो. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या व्यंकटेशशेठचा टॉवेलचा कारखाना आहे. सुट्टीच्या सकाळी माग बंद असतात, तेव्हा त्यांच्या गोडाऊनमध्ये आम्ही जमतो. चारी बाजूंनी छतापर्यंत टॉवेल आणि चादरींचे गठ्ठे, त्यामुळे आवाज अजिबात घुमत नाही. मोठ्या शहरात लोक खोलीच्या भिंतींना हजारो रुपयांचं काय काय चिकटवतात म्हणे. आमच्याकडे टर्किश टॉवेल!

आमचे पुढारी अण्णा. बँकेत मॅनेजर होते, अजूनही आम्हाला कर्ज मंजूर केल्यासारखं बोलतात. कुर्डुवाडीहून शिंदे येतात, रेल्वेत गार्ड होते. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो. आणि विमलताई. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. चहाचा थर्मास आणि शेंगाचटणीचा डबा त्यांचा, आणि बोलायचं काम आमचं, अशी वाटणी कधी झाली ते आठवत नाही.

विमलताईंनी एकदा, अगदी सुरुवातीला, आपल्या गुरूंविषयी सांगितलं होतं. अक्कलकोटच्या पलीकडं एका खेड्यात राहायच्या. ताई त्यांना नुसतं 'बाई' म्हणायच्या. बाईंनी जन्मभर गावातल्या पोरींना गाणं शिकवलं, पण कधी स्टेजवर बसल्या नाहीत की रेडिओवर गेल्या नाहीत. ताई म्हणाल्या होत्या, "त्यांच्याकडं शिकलेल्या एकेक गेल्या. बाईंचा आवाज कसा होता हे माहीत असलेली आता मी एकटीच उरले. माझ्यानंतर कुणाला कळणार?"

आम्ही माना डोलावल्या आणि चहा घेतला.

* * *

मंडळाचा नियम असा की प्रत्येकानं नवं रेकॉर्डिंग शोधून आणायचं आणि कलाकाराचं नाव आधी सांगायचं नाही. आधी ऐकायचं, मत द्यायचं, मग नाव.

पण वाईट निघालं तर काय करायचं? हा प्रश्न अण्णांनी सोडवला. एकदा कुणीतरी आणलेला गवई इतका भयंकर ओरडत होता की अण्णांनी घाम पुसायला घेतलेला टॉवेल उठून सरळ स्पीकरवरच टाकला. आवाज दबला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून तो कायदाच झाला. व्यंकटेशशेठनी त्यासाठी एक पांढरा टॉवेल बाजूला काढून ठेवला. विणताना धागा सुटलेला, सेकंडचा माल. तो कायम अण्णांच्या हाताशी असायचा. टॉवेल पडला की रेकॉर्डिंग बंद, आणि त्या कलाकाराचं नाव मग सांगायचंच नाही. त्याची अब्रू राहावी म्हणून!

किती मोठ्या मनाचे होतो आम्ही.

* * *

ऐकण्याआधी कान तयार व्हावेत म्हणून व्यंकटेशशेठ मोबाइलवरचा तंबोरा लावतात. एका सकाळी त्यांनी तंबोरा लावला आणि त्यांना फोन आला. ते बोलत बोलत बाहेर गेले.

आम्ही डोळे मिटून बसलो. तंबोरा चालू होता. बराच वेळ गेला. अण्णा पुटपुटले, "काय धीर आहे गवयाचा. घाई म्हणून नाही."

मी मान हलवली. मलाही काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी म्हणालो की स्वर लावण्याआधीची ही शांतता हल्लीच्या पोरांना जमत नाही. शिंदे नुसते "लई भारी" म्हणाले. विमलताईंनी हळूच विचारलं, "अजून सुरू कुठं झालंय?" अण्णांनी डोळे न उघडताच त्यांना बोट ओठावर ठेवून गप्प केलं.

शेवटी व्यंकटेशशेठ आत आले, आमच्याकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, मी अजून लावलंच नाही की!"

अण्णांनी अजूनही डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "असू द्या. आता कुठं रंग चढत होता."

* * *

शिंद्यांनी एकदा एका तरुण गायकाचं नवीन रेकॉर्डिंग आणलं. शिंदे ते स्वतःच्या मोबाइलवरून लावत होते. काय तयारी, काय चपळाई! तान सुरू झाली की संपेपर्यंत आम्ही श्वास रोखून बसायचो. तबलजी तर पेटलाच होता. अण्णांनी जाहीर करून टाकलं की पन्नास वर्षांत असा गळा झाला नाही. मी तर त्या तानांचं विश्लेषणसुद्धा केलं. केमिस्ट्रीच्या माणसाला विश्लेषणाशिवाय राहवत नाही.

नाव कळल्यावर मी घरी जाऊन तेच रेकॉर्डिंग लावलं. गायक सावकाश गात होता. चांगला गात होता, पण जेवून बसल्यासारखा. मला वाटलं हा दुसरा कुणी असावा.

पुढच्या वेळी शिंद्यांना विचारलं. ते मोबाइल उलटसुलट करत म्हणाले, "मी ह्याच्यावर रोज प्रवचन ऐकतो की वो. महाराज लई लांबण लावत्यात, म्हनून जरा स्पीड वाढवून ठेवलीया. ती तशीच ऱ्हायली आसंल."

अण्णांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

* * *

हा अण्णांचा आवडता किस्सा. म्हणजे आमचा आवडता. अण्णांच्या समोर सांगत नाही.

एका मोठ्या गायिकेच्या जुन्या खासगी मैफलीचं रेकॉर्डिंग नव्यानं बाहेर आलं होतं. ते मी आणलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच अण्णांनी आवाज ओळखला, आणि नाव सांगून मोकळे झाले. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण म्हणाले, "अहो, ह्या मैफलीला मी होतो. पहिल्या रांगेत. ही टाळी ऐकलीत? ही माझी."

मग प्रत्येक टाळीला ते आमच्याकडं बघायचे. गायिकेनं कुठल्या रंगाची साडी नेसली होती, तेही त्यांनी सांगितलं. आम्ही सगळे अण्णांकडं आदरानं बघत होतो.

रेकॉर्डिंगच्या शेवटी निवेदिका आली. तिनं गायिकेचे आभार मानले, साथीदारांचे मानले, आणि म्हणाली की आपल्या महिला मंडळाच्या या हळदीकुंकवाला आलेल्या सर्व भगिनींचेही मनापासून आभार.

विमलताई थर्मासचं झाकण फिरवत होत्या. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "अण्णा, वाण काय मिळालं होतं हो?"

* * *

आता 'शोधून' आणण्याविषयी. आमच्यात प्रत्येक जण सांगतो की हे रेकॉर्डिंग मिळवायला त्याला काय यातायात करावी लागली. एकदा अण्णांनी एक आणलं, धारवाडच्या मित्रानं खास पाठवलेलं. ते वाजायला लागलं आणि माझा चेहरा पडला, कारण माझ्या खिशातही तेच होतं, आणि मीही येताना एका मिरजेच्या तंबोरेवाल्याची गोष्ट रचून आणली होती. खरं तर दोघांनाही ते मोबाइलनंच सुचवलं होतं. दोघांनीही ते पूर्ण ऐकलेलं नव्हतं. सुरुवात ऐकायची, पेपरात कुणी चांगलं लिहिलंय का बघायचं आणि आणायचं, अशी आमची पद्धत.

त्या दिवशी मी काहीच आणलं नाही असं सांगून चटणीच्या डब्याकडं वळलो.

* * *

मग ती सकाळ.

अण्णांचा पुतण्या पुण्यात शास्त्रीय संगीताची रेकॉर्डिंगं प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीत आहे. त्याला सोलापूरकडचं काहीतरी नवं, न ऐकलेलं हवं होतं. अण्णांनी मंडळात जाहीर केलं की ज्याच्यावर टॉवेल पडणार नाही ते मी पाठवतो, माझा शब्द तो टाळणार नाही.

पुढच्या बैठकीला विमलताई इरकल नेसून आल्या. एरवी त्या साध्या साडीत असत. त्यांनी पर्समधून पेनड्राइव्ह काढून व्यंकटेशशेठच्या हातात दिला. नवी पेठेत कॅसेटवरून भरून घेतलाय, एवढंच म्हणाल्या. कुणाचं गाणं ते नियमाप्रमाणं सांगितलं नाही. पण आम्हाला कळायला हवं होतं. चहासुद्धा न ओतता त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, तेवढ्यावरून तरी कळायला हवं होतं.

कॅसेट जुनी होती. खरखर फार. तोडीचा आलाप होता. शिंदे रेल्वेच्या नव्या टाइमटेबलविषयी माझ्या कानात काहीतरी सांगत होते आणि मी ऐकत होतो. त्यांचं. चहा अजून का येत नाही असंही मनात आलं.

तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली.

शिंदे फस्सकन हसले. मीही हसलो. आणि अण्णांनी टॉवेल टाकला.

ताई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढं थोडं ऐकलं असतं तर बरं झालं असतं."

अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, घरगुती आहे हो. पुण्याला काय तोंडानं पाठवू? आणि नियम म्हणजे नियम."

ताईंनी पेनड्राइव्ह परत घेऊन पर्समध्ये ठेवला आणि थर्मास उघडला. सगळ्यांना चहा दिला. नाव कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतरही त्या येत राहिल्या. फक्त त्यांनी स्वतः पुन्हा काही आणलं नाही. आणि आम्ही पुन्हा हसू लागलो, एवढे आम्ही निगरगट्ट.

* * *

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी पेपरच्या पुरवणीत एका नव्या अल्बमविषयी भरभरून आलं होतं. सीमाभागातल्या एका अज्ञात गायिकेचं गाणं, घरात बसून टिपलेलं, धारवाडच्या एका संशोधक मुलीनं एका जुन्या कॅसेटवरून मिळवलं आणि साफसूफ करून प्रसिद्ध केलं. लिहिणाऱ्यानं त्यातल्या घरगुतीपणाचं फार कौतुक केलं होतं. गायिकेचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. अल्बमही ऐकला नाही, वेळ कुणाला होता? पण दुसऱ्या कुणी आणायच्या आत आपण न्यावा म्हणून मी घाईनं मोबाइलवर उतरवून घेतला आणि गोडाऊनमध्ये लावला.

तोडी. पहिल्याच स्वराला व्यंकटेशशेठचा हात छातीवर गेला. आवाज स्वच्छ, भरलेला, कुठं दिखावा नाही. शिंद्यांनी या वेळी रेल्वेचा विषय काढला नाही. मी खरं सांगतो, मला खरंच भरून आलं. कधी नव्हे ते मी खरोखर ऐकत होतो.

अण्णा म्हणाले, "ह्याला म्हणतात तालीम. ही पुण्या-मुंबईचीच कुणीतरी मोठी असणार. आपल्या भागात असा आवाज कुठला?"

मी ताईंकडं बघितलं. त्यांच्या हातातल्या कपात चहावर साय धरली होती. त्या कुणाकडंच बघत नव्हत्या.

आलाप वर चढत गेला. अण्णांनी "वा!" म्हणायला हात उचलला, आणि कुकरची शिट्टी झाली.

अण्णांचा हात तसाच राहिला. कुणी हसलं नाही. गाणं थांबलं होतं, आणि त्या शांततेत तोच आवाज आता बोलताना ऐकू आला, अगदी रोजच्या सुरात: "विमल, गॅस बारीक कर गं."

एका मुलीचा आवाज लांबून आला, "हो बाई." पावलं वाजली. आणि बाईंनी जिथं सोडला होता तिथूनच तो स्वर पुन्हा उचलला.

मी मोबाइल बंद करावा की नाही, मला कळेना. नाव सांगायची वेळ माझी होती.

विमलताईंनी कप खाली ठेवला. उठल्या. अण्णांच्या शेजारी गठ्ठ्यावर तो धागा सुटलेला टॉवेल घडी घालून ठेवलेला होता, तो त्यांनी उचलला आणि दोन्ही हातांनी अण्णांच्या पुढं धरला.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "तुम्ही इथंच टाकला होता की."

बाई गातच होत्या. अण्णांनी टॉवेल घेतला, आणि त्यानं तोंड पुसलं.