लाल रेघेचा बंदोबस्त

तिसऱ्या मजल्यावरच्या ऑलराइटचं इंग्रजी इतकं पक्कं आहे की त्याच्या शब्दाखाली लाल रेघ ओढायची कंप्युटरची छातीच होत नाही, अशी बातमी मध्यंतरी इमारतभर पसरली होती. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने ती गच्चीपर्यंत पोचवली. इंटरनेट दुरुस्त करायला आलेल्या माणसाने तर शपथेवर सांगितलं, "पानभर इंग्रजी आणि एक रेघ नाही हो! या डोळ्यांनी पाहिलं."

त्याने पाहिलं ते खरं होतं, कारण मात्र वेगळं होतं. कंप्युटरला छाती भरपूर होती. त्याचं तोंड दाबून ठेवलेलं होतं.

ऑलराइट लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारी नोंदवून घेतो. कुठली लिफ्ट कुठे अडकली, आत कोण आहे, किती वैतागलंय, हे फोनवर ऐकायचं, "ऑल राइट, ऑल राइट" म्हणायचं आणि इंग्रजीत टाइप करून मेकॅनिककडे पाठवायचं. नाव त्यावरूनच पडलं. मेकॅनिक शहाणे आहेत, ते पत्ता तेवढा बघतात आणि निघतात, म्हणून लिफ्टमध्ये अजून कुणी कायमचं मुक्कामाला राहिलेलं नाही. पण स्वारीचा समज असा, की अर्धं शहर आपल्या इंग्रजीवर वरखाली करतं.

महिन्याचा अहवाल तो घरी लिहितो. घरी नवा कंप्युटर आला, त्यात चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढायची सोय होती, आणि पहिल्याच दिवशी पानाला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. दुसरा कुणी खजील झाला असता. हा भडकला. "माझ्या लिहिण्याखाली रेघा मारणारा हा कोण टिकोजीराव?"

रागारागात शब्दावर टिचक्या मारताना एक चौकट उघडली. वर बरोबर शब्द सुचवलेले होते, त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. खाली लिहिलं होतं, 'शब्दकोशात जोडा'. त्याने दाबलं. रेघ गायब! खटला जिंकलेल्या वकिलासारखा तो खुर्चीत मागे रेलला आणि मग त्याने सपाटाच लावला. 'मेंटेनन्स' हा शब्द तो दर वेळी नव्या थाटात लिहायचा. त्याने सगळे थाट मंजूर करून घेतले. 'कम्प्लेंट', 'अर्जंट', 'अपॉइंटमेंट', एकेक करून सगळे घरचे झाले.

हे इथवरच राहिलं असतं, तर हसून सोडून दिलं असतं. पण त्याच कंप्युटरवर त्याची बायकोही इंग्रजी शिकत होती.

ती डोळ्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालायचे, पट्टी बांधलेल्यांना हाताला धरून न्यायचं, दिवसभर उभं राहायचं. संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांचे दगड होतात. तिथल्या काउंटरवर नावं नोंदवायची जागा रिकामी होणार होती. काउंटरला खुर्ची होती! अट एकच, इंग्रजी टाइप करायची परीक्षा. तिने संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग लावला. ऑलराइटही गेला, 'सोबत म्हणून'. म्हणजे मागच्या बाकावर बसून बाईंचं बरोबर आहे का ते बघायला.

एकदा बाईंनी वर्गाला विचारलं, "ती लाल रेघ आली की तुम्ही काय करता?"

औषधाच्या दुकानातला सेल्समन म्हणाला, "मी तो शब्दच टाकून देतो. सोपा घेतो."

टॅक्सीवाला म्हणाला, "मी वरचा पहिला शब्द दाबतो. गिऱ्हाइकाला काय मेसेज गेला ते गिऱ्हाईकच जाणे."

ऑलराइटची बायको म्हणाली, "मला आवडते ती रेघ. शब्द पुसायचा, आठवायचा, परत लिहायचा. रेघ गेली की समजायचं, जमलं. आवाज न चढवता माझी चूक सांगणारं घरात तेवढंच एक आहे."

वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मशीनने माणसाला शिकवायचं नसतं, बाई. माणसाने मशीनला शिकवायचं."

"तुम्ही शिकवता वाटतं?"

"शिकवतो की!"

बाईंना तो विनोद वाटला.

घरी रोज दवाखान्यातून आल्यावर ती सरावाला बसायची, आणि हा पलीकडे आडवा होऊन अक्षरं सांगायचा. कुणी विचारलं नव्हतं, पण न विचारता सांगणं हा त्याचा जुनाच धंदा.

"अहो, यात एक अक्षर कमी वाटतंय."

"रेघ आली का?"

"नाही."

"मग? मशीनला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

वर्गात मशीनला शिकवणारा हाच गृहस्थ घरात मशीनची साक्ष काढत होता. बायको बापडी तो शब्द तसाच पाठ करायची. रेघा कमी होत गेल्या तशी ती खुलत गेली. "बघा, आज एकही नाही!" म्हणायची. "माझ्या संगतीचा गुण," हा म्हणायचा.

परीक्षा दोन दिवसांवर आली तेव्हा मात्र तो सहज उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला. ती 'अपॉइंटमेंट' लिहीत होती, त्याने सांगितला तसा. पडद्यावर तो शब्द पाहताच त्याचं बोट आपोआप वळवळलं. याची रेघ तर आपणच घालवली होती! म्हणजे हाही, आणि त्याच्या वरचाही. बायको तोंडाने पुटपुटत, मान डोलवत, त्याचं इंग्रजी घोटून पाठ करत होती.

आता सांगायला हवं, एवढं त्याला कळलं. ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने घातलेले शब्द काढायची खटपटही करून पाहिली. पण घालायचं बटण समोर होतं, काढायचं कुठे दडवलंय ते सापडेना. बाईंना विचारलं तर? पण विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं म्हणायचं, आणि ते वाक्य या माणसाच्या तोंडून लग्नाच्या बोलण्यांतही निघालं नव्हतं.

ती हात पुसत बाहेर आली. "झालं का माझं पक्कं? खरं सांगा हं."

एक वाक्य बोलायचं होतं. दोन दिवस हातात होते. त्याने तिच्याकडे पाहिलं, कंप्युटरकडे पाहिलं आणि म्हणाला, "ऑल राइट."

दवाखान्यातल्या कंप्युटरला ऑलराइटची ओळख नव्हती. परीक्षा सुरू झाली आणि तिच्या पहिल्या ओळीखाली रेघ आली, मग दुसऱ्या. ज्या शब्दांवर तिचा जीव होता नेमके तेच लाल. आधी तिला वाटलं, मशीन बिघडलंय. पण रेघेवर तिचा विश्वास होता, म्हणून पुसून, आठवून परत लिहायला लागली. पाठ केलेलं हाताला इतकं चिकटलं होतं की बोटं पुन्हा तिथेच जायची. वेळ संपली तेव्हा अर्धं पान कोरं होतं. खुर्ची दुसरीला मिळाली. मेट्रन म्हणाली, "घरी सराव करा, मग पुढच्या वेळी बघू."

घरी! येताना वाटेतच तिच्या डोक्यात प्रकाश पडला. 'अर्जंट' हा शब्द असा लिहिलेला तिने जगात एकाच ठिकाणी पाहिला होता, नवऱ्याच्या अहवालात. आणि मशीनला 'शिकवतो की!' म्हणणाराही तोच.

तिने आदळआपट केली नाही. वर्गाच्या वेळेआधी बाईंकडे जाऊन तिथल्या कंप्युटरवर सराव करायला लागली, एवढंच. चार-आठ दिवसांत ऑलराइटला ते झोंबलं.

"घरात कंप्युटर असताना लोकांच्या दारात कशाला?"

"घरातला तुम्हाला फितूर झालाय," ती चप्पल घालत म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते बरोबर म्हणतो. माझी खुर्ची गेली त्याच्यापायी. मला चूक सांगणारा हवाय."

दार उघडं होतं. जिन्यात इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा घेऊन थबकला होता, आणि बातमी हातची जाऊ नये म्हणून श्वाससुद्धा घेत नव्हता. एक शब्द पुरला असता, 'चुकलं' एवढाच. ऑलराइटने शर्टाची कॉलर सरळ केली.

"चूक तुझ्या दवाखान्याच्या कंप्युटरची आहे. मला एकदा तिथे नेऊन बसव, एक रेघ शिल्लक ठेवणार नाही."