जिन्यावरचं एक वाक्य

निवृत्तीच्या दिवशी कॅप्टनने केक कापला, टाळ्या घेतल्या, आणि चौथ्या दिवशी सकाळी तो कुणालाही न सांगता मास्तरांच्या घराचा पत्ता शोधायला निघाला. सात वर्षं जे जमलं नव्हतं ते आता जमवायचं त्याने ठरवलं होतं. आता जमवण्यात मोठंसं शौर्य नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. नोकरी होती तोवर तोंड शिवलेलं होतं, आता गमवायला काही उरलं नव्हतं.

मास्तर म्हणजे विमानतळावरचे इंजिनियर. साधा नटबोल्ट दाखवला तरी त्यावर धडा देत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. कॅप्टनलाही मागून एक नाव होतं, गजर. पंचवीस वर्षांत त्याच्यामुळे विमान सुटायला उशीर झाला, असं कुणाला आठवत नव्हतं. या गोष्टीची त्याला फार घमेंड होती आणि तिनेच पुढे त्याचा घात केला.

प्रवाशांना सांगू नये, पण विमानात रोज काही ना काही बिघडलेलं असतं. कोणत्या बिघाडासकट उडता येतं, किती दिवस आणि कोणत्या अटींवर, याचं एक जाडजूड पुस्तक असतं. वैमानिकाने बिघाड लॉगबुकात लिहायचा, इंजिनियरने पुस्तक बघून सही करायची आणि दुरुस्ती रीतसर पुढे ढकलायची. यात लपवाछपवी काही नाही, सगळी मदार त्या लिहिलेल्या ओळीवर. पण लिहिलं की अटी आल्या आणि अटी आल्या की उशीर आला. म्हणून काही वैमानिकांनी एक खोड लावून घेतलेली असते. आत्ता तोंडी सांगायचं, दिवसाची शेवटची फेरी झाली की लिहायचं.

त्या दिवशी पहिली फेरी करून परतताना कॅप्टनला डाव्या बाजूचा एक ब्रेक उशिरा धरल्यासारखा वाटला. सहवैमानिक आत इंधनाचे आकडे बघत होता. कॅप्टन जिना उतरला, तर मास्तर खालच्या पायरीशी उभेच होते.

"डावीकडचा बाहेरचा जरा आळशी झालाय, मास्तर."

मास्तर चाकाशी वाकले, टॉर्च मारून बघून आले. "वरवर काही दिसत नाही. पण लिहा साहेब. एक ओळ टाका, मी तो ब्रेक बंद करून पुढे ढकलतो. पुस्तकात बसतं."

"आणि पुढची धावपट्टी आखूड आहे, त्याचं काय? एक ब्रेक बंद म्हणजे वजन कमी करा. चाळीस माणसं उतरवायची. दोन तास गेले."

"गेले तर गेले."

"चार वाजता मुलीचं नाटक आहे हो. पहिल्यांदाच उभी राहतेय. परत आल्यावर मी लिहितो."

मास्तर क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, "बरं. पण नक्की लिहा."

विमान गेलं आणि सुखरूप आलं. मास्तरांची पाळी तोवर संपली होती. कॅप्टनने घाईघाईत लॉगबुक ओढलं आणि हाताच्या सवयीने लिहून टाकलं, बिघाड नाही. गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं. फोन करू, असं त्याने मनाशी म्हटलं. मग सभागृहातले दिवे मालवले आणि फोन राहून गेला. मुलीला नाटकात दोन वाक्यं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दुसरे वैमानिक घेऊन गेले. उतरताना तो ब्रेक तापून जाम झाला, टायर फुटले आणि विमान धावपट्टी सोडून गवतात घुसलं. जीव सगळ्यांचे वाचले. मागे बसलेल्या हवाईसुंदरीचं कंबरेचं हाड मात्र मोडलं. ती पुन्हा कधी विमानात कामाला आली नाही.

चौकशीत मास्तरांनी झालं ते जसंच्या तसं सांगितलं. कॅप्टनला विचारल्यावर तो म्हणाला, "असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही." हे वाक्य त्याने घरी आरशासमोर घोकलं होतं. खोटं बोलणाऱ्याला आठवत नसल्याचा मोठा आधार असतो. लॉगबुकात बिघाडाची ओळ नव्हती आणि विमान ठीक असल्याची सही मास्तरांची होती, त्यामुळे त्यांचं लायसन्स गेलं, पाठोपाठ नोकरी गेली. शिवाय स्वतःची चूक दुसऱ्याच्या माथी मारणारा माणूस, असा शिक्का बसला तो वेगळाच.

मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहत होते. पुढच्या खोलीत शिलाई मशिनं दुरुस्तीला आलेली, टेबलावर तेलाची बुधली. कॅप्टनला बघून ते उठले, एका खुर्चीवरच्या चिंध्या बाजूला केल्या आणि बसा म्हणाले. वहिनी पाणी ठेवून आत गेल्या.

कॅप्टन शिव्या खायच्या तयारीने आला होता. हाताला धरून बाहेर काढतील, हेही त्याने गृहीत धरलं होतं. पाण्याला हात न लावता तो म्हणाला, "मास्तर, मी त्या दिवशी तुम्हाला ब्रेकचं सांगितलं होतं. परत आल्यावर लिहितो असंही म्हणालो होतो. चौकशीत मी खोटं बोललो."

मास्तर पुढे झुकले. "म्हणजे तुम्ही म्हणाला होतात?"

"हो."

"जिन्यावर? मी लिहा म्हटल्यावर?"

"हो, मास्तर."

मास्तरांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "अगं, बाहेर ये. हे काय म्हणतायत ते ऐक." मग कॅप्टनकडे वळून म्हणाले, "साहेब, चौकशीवाल्यांनी मला इतक्यांदा विचारलं की शेवटी माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. वाटलं, अंगावर आलं म्हणून मीच मनाने रचलं असेल. मी ऐकण्यात चुकलो असेन, असं शेवटी लिहूनही दिलं. मुलालाही तेच सांगितलं."

वहिनी दाराशी येऊन उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "भास झाला असेल, सोडा आता, असं मीच यांना म्हणत होते. सात वर्षं."

"मी ऑफिसला लेखी देतो," कॅप्टन म्हणाला. "आजच देतो."

"द्या. पण लायसन्सचं माझं वय गेलं आता." मास्तरांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "उपकार झाले, साहेब."

हा एक शब्द ऐकायची कॅप्टनची तयारी नव्हती. त्याला हात सोडवून घ्यावासा वाटला आणि सोडवताही येईना.

मग मास्तरांनीच हात सोडून फोन लावला. "मुलगा आहे. माझ्या नोकरीचा विषय निघाला की तो उठून जातो. एवढं एकदा त्याला तुमच्या तोंडाने सांगा."

कॅप्टनने फोन कानाला लावला. पलीकडून मोठ्या माणसाचा, कामात असलेला आवाज आला, "हं बाबा, बोला."